गोरखचिंचेच्या फुलावर रात्री कोण येतं?

गोरखचिंच, म्हणजेच बाओबाब, मूळची आफ्रिकेची. तिचं पांढरंशुभ्र फूल लांब देठावर उलटं लोंबतं. दिवस मावळल्यावर पाकळ्या बघता बघता मागे वळतात आणि पुंकेसरांचा मऊ झुबका उघडा पडतो. दुसऱ्या दिवशी ते फूल कोमेजतं. जे काही व्हायचं ते त्या एका रात्रीत.

परागण, म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचवणं, ते घडवून आणणारे कोण, तर वटवाघळं, असं बरीच वर्षं मानलं गेलं. त्याला आधारही होता. घानामध्ये हॅरिस आणि बेकर या संशोधकांनी १९५०च्या दशकात वाघळांकडून होणाऱ्या परागणाचा अभ्यास केला. बाओबाबच्या फुलांवर येणारी वाघळं पश्चिम आफ्रिकेत अनेकांनी पाहिली. पुढे हेच उत्तर सगळ्या खंडाला लागू करून टाकलं गेलं, आणि चूक झाली ती इथे. मादागास्करमधल्या काही बाओबाबांचं परागण लांब सोंडेचे हॉक मॉथ नावाचे पतंग करतात, हे संशोधक डेव्हिड बाउम यांनी १९९५ मध्ये दाखवलं. तरी आफ्रिकेतल्या मुख्य जातीबद्दलची समजूत टिकून राहिली.

दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या सॅव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ माळरानात, स्वयंसेवक रात्र रात्र झाडांखाली बसले, तेव्हा चित्र पालटलं. पीटर टेलर, सारा वेंटर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२० मध्ये आला. तिथे फुलांवर वाघळं जवळपास येतच नव्हती. येत होते हॉक मॉथ, आणि त्यात ठळक होता नेफेली कॉमा.

हा पतंग काही नवा नव्हे. हॉप्फर या कीटकशास्त्रज्ञांनी १८५७ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. पुढच्या पंखावरच्या स्वल्पविरामासारख्या पांढऱ्या खुणेवरून त्याचं नाव पडलं. म्हणजे संग्रहालयांच्या पेट्यांत तो दीडशे वर्षं टाचलेला होता, पण अंधारात तो करतो काय, हे पाहायला झाडाखाली जाऊन बसावंच लागलं. मला या साऱ्या हकिकतीत सगळ्यात मोलाची वाटते ती ही बैठक.

बाओबाबला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचेच लागतात. म्हणून या पतंगाच्या खेपांना एवढं महत्त्व. त्याच्या अळ्या मात्र वाढतात काटेरी करवंदाच्या जातभाईंवर. आपल्याकडेही नेफेलीची एक बहीणजात आहे, नेफेली हेस्पेरा. तिची शेपटाला शिंग असलेली अळी करवंदीच्या जाळीत पानं खाताना सापडते.