गल्लीगल्लीतल्या आजारांची नोंद : पार्श्वभूमी

शहरातल्या कुठल्या वस्तीत कुठला आजार फैलावतोय, यावर लक्ष ठेवण्याची सुरुवात मेलेल्यांच्या मोजणीतून झाली. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला पॅरिशनिहाय (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनिहाय) मृत्यूंची यादी छापली जाई. मृत्यूचं कारण ठरवायला डॉक्टर नव्हे, तर गरीब, वयस्कर बायका घरोघरी जाऊन मृतदेह पाहत. शिवणसामानाचा व्यापारी असलेल्या जॉन ग्राँटने १६६२ मध्ये या याद्यांचा पहिल्यांदा नीट हिशेब मांडला. उपदंशाने (सिफिलिस या गुप्तरोगाने) गेलेल्या माणसाची नोंद या बायका चार पैसे घेऊन ‘क्षय’ अशी करतात, हेही त्याने लिहून ठेवलं. बदनामीचा आजार कागदावर खरा उतरत नाही, ही अडचण इतकी जुनी आहे.

१८३७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि मोजणी पक्की झाली. मजुरांच्या राहणीमानावरच्या एडविन चॅडविकच्या १८४२ च्या सरकारी अहवालात लिव्हरपूलमध्ये मृत्यूचं सरासरी वय वरच्या वर्गात ३५, तर मजुरांत १५ दिलं आहे. (मजूर पंधराव्या वर्षी मरत असा याचा अर्थ नाही, तान्ही मुलंच इतकी दगावत की सरासरी खाली ओढली जाई.) १८४७ मध्ये त्याच शहराने स्वतःचा आरोग्य अधिकारी नेमला.

यानंतर सगळे सांगतात ती १८५४ ची गोष्ट : लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची (कॉलऱ्याची) साथ, सहाशेवर मृत्यू, कुठल्या घरात किती गेले हे दाखवणारा डॉक्टर जॉन स्नोचा नकाशा, रोग तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरतो हे त्याचं म्हणणं आणि म्हणून पंपाचा काढलेला दांडा. खरं तर दांडा निघाला तेव्हा साथ ओसरू लागली होती. स्नोनेही ते नाकारलं नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथला तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड. स्नोचं म्हणणं खोडून काढायलाच तो बाहेर पडला होता. पण गल्लीतली माणसं ओळखीची असल्याने तो त्याच त्या घरांत पुन्हा पुन्हा जाऊन विचारू शकला. त्यातूनच पंपाजवळच्या घरातलं आजारी तान्हं मूल आणि त्याचे लंगोट धुतलेलं पाणी जिथे ओतलं जाई तो संडासाचा खड्डा, हा धागा सापडला. खड्ड्याला पाझर होता आणि पंपाची विहीर हाकेच्या अंतरावर. नकाशाने जागा दाखवली. कारणापर्यंत नेलं ते या चौकशीने.

पुढे मेलेल्यांऐवजी आजारी माणसांची नोंद होऊ लागली. ठरावीक आजार कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं, प्रयोगशाळांचे अहवाल जोडले गेले. तरी दवाखान्यात न जाणारा माणूस नोंदीबाहेरच राही.

सांडपाण्याची तपासणी इथे उपयोगी पडली. पोलिओची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही, पण विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये एकही मूल लुळं पडलेलं नसताना गटाराच्या पाण्यात तो सापडला आणि मुलांना तोंडावाटे डोस देण्याची मोहीम निघाली. कोविडच्या काळात हीच पद्धत अनेक शहरांनी उचलली. जिथे बंद गटारांचं जाळंच नाही, अशा वस्त्यांत नमुने उघड्या नाल्यांतून घेतले जातात.