दोन डब्यांत डाटा आहे म्हणजे बॅकअप आहे का? सिंक आणि बॅकअपची गल्लत

"डाटा दोन ठिकाणी हाय की आपला, मग गेला कसा?"

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका फोटो स्टुडिओच्या मालकांचा हा फोन आला तेव्हा मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात शिडीवर उभा राहून केबल ओढत होतो. त्यांचं शूटिंगचं काम शाहूपुरीत, अल्बम डिझाइनचं राजारामपुरीत. दोन्हीकडं एकेक नॅस, म्हणजे नेटवर्कवर बसलेला हार्डडिस्कचा डबा. आणि दोन्ही डब्यांमध्ये सिंक लावून दिलेलं मीच.

झालं होतं असं. राजारामपुरीच्या डब्यानं जागा संपत आल्याची सूचना दिली. तिथल्या ऑपरेटर पोरानं एक मोठा फोल्डर निवडला आणि डिलीट मारला. त्याचा हिशोब सरळ होता: शाहूपुरीत आहे की तेवढा. दोन मिनिटांत शाहूपुरीतूनही फोल्डर गेला. नेटवर्क ड्राइव्हवरची फाईल उडवली की ती विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि नॅसचा स्वतःचा रिसायकल बिन जागा वाचवायला कोणीतरी बंद करून ठेवलेला. कॅमेऱ्याची कार्डं अजून फॉरमॅट केली नव्हती म्हणून फोटो वाचले. डिझाइन झालेली चाळीस पानं मात्र चार रात्री बसून पुन्हा करावी लागली.

चूक त्या पोराची मी धरत नाही. मालकांनी मला सांगितलं होतं, "दोन्हीकडं सारखं दिसाय पाहिजे." मी ऐकलं ते सिंक. त्यांच्या मनात होता बॅकअप. मी एक प्रश्न जास्त विचारला असता तर तो फोन आलाच नसता.

दोन्हींत फाईलची प्रत दुसऱ्या ठिकाणी जाते, त्यामुळं बाहेरून ती एकसारखीच दिसतात. पण सिंकला तुम्ही विचारू शकता, "आत्ता काय आहे?" बॅकअपला विचारता येतं, "गेल्या मंगळवारी काय होतं?" सिंकला मंगळवार आठवत नाही. दोन जागा एकसारख्या ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि ते काम त्या दिवशी त्यानं चोख केलं होतं.

डिलीट केलेली फाईल सिंकला कळते कशी, हे एकदा बघून ठेवा. दोन्हीकडं चालणारं सिंक प्रत्येक फोल्डरची एक वही ठेवतं: कोणती फाईल, केवढी, शेवटची कधी बदलली. उद्या एका डब्यात ती फाईल सापडली नाही, तर दोन शक्यता असतात. एकतर ती नव्यानं दुसऱ्या डब्यात तयार झाली आणि इथं अजून पोचायची आहे, किंवा इथं होती आणि कोणीतरी काढली. वहीत तिचं नाव असेल तर काढली, असाच अर्थ घ्यायचा, आणि दुसरीकडूनही काढून टाकायची. काढणाऱ्यानं मुद्दाम काढली की चुकून, हे वहीत लिहिलेलं नसतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरल्या पातळीला पोचलं की आपोआप उघडतात, खाली कोण उभं आहे ते विचारत नाहीत. सिंकचंही तसंच आहे.

म्हणून सिंक वाईट असं कोणी समजू नये. त्याशिवाय या स्टुडिओचं काम एक दिवस चालणार नाही. शाहूपुरीत कार्ड रिकामं झालं की चहा पिईपर्यंत राजारामपुरीत फोटो यायला लागतात, पेन ड्राइव्ह घेऊन कोणाला पळावं लागत नाही. त्रास होतो तो दोघांनी एकाच फाईलला हात लावला तर. अल्बमचं बारा बाय छत्तीस इंचाचं एक पान लेअर्ससकट पाचशे एमबीचं सहज होतं. शाहूपुरीत एकानं नवरीच्या शालूचा रंग सुधारला, त्याच वेळी राजारामपुरीत दुसऱ्यानं नाव टाकलं, दोघांनी सेव्ह केलं. सॉफ्टवेअर हे दोन बदल एका पानावर आणू शकत नाही. सिंकथिंगसारखा प्रोग्रॅम अशा वेळी एक फाईल मूळ नावानं ठेवतो आणि दुसरीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि तारीख-वेळ घालून बाजूला ठेवतो. तसल्या नावाची फाईल दिसली की आमची पोरं कचरा समजून उडवायची. त्यात कुणाचं तरी दोन तासांचं काम असतं. आता भिंतीवर कागद चिकटवलाय. आणि दोन्ही डब्यांची घड्याळं इंटरनेटवरून जुळवून घेणारी सेटिंग चालू आहे का तेही बघा. एक डबा दहा मिनिटं मागं असेल तर 'नवी फाईल कोणती' याचा निकाल उलटा लागू शकतो.

इथं हुशार माणूस म्हणतो, मग दोन्हीकडचं नको, एकाच बाजूनं लावू. इकडून तिकडं जाईल, तिकडून इकडं काही येणार नाही, झाला बॅकअप. ही गल्लत पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे. एकतर्फी सिंकमुळं तिकडच्या माणसाची चूक इकडं येत नाही हे खरं. पण इकडची चूक तिकडं जातेच. फाईल उडाली तर काय करायचं ही वेगळी सेटिंग असते. आरसिंक या जुन्या प्रोग्रॅममध्ये 'डिलीट' हा पर्याय लावला नाही तर उडालेली फाईल पलीकडं राहते. पण बदललेली फाईल? तिच्यावर नवी फाईल बसते आणि जुनी जाते. एखाद्यानं चाळीस पानांवर चुकून एकच पान सेव्ह केलं, तर दुसऱ्या डब्यातही तेच एक पान.

आरसिंक म्हटलं की थोडं विषयांतर करतो, कारण बऱ्याच नॅसच्या पोटात हाच चालतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहिला. फाईलचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची खूण काढायची, आणि पलीकडं जे तुकडे नाहीत तेवढेच पाठवायचे, ही त्यातली मूळ कल्पना. इंटरनेट मुंगीच्या पावलानं चालायचं त्या काळातली ही काटकसर आजही कामाला येते.

गोंधळात भर घालतात ती मेन्यूतली नावं. क्यूनॅप कंपनीच्या डब्यात एकाच अॅपचं नाव 'हायब्रिड बॅकअप सिंक'. दोन्ही शब्द एका पाटीवर! आत गेल्यावर बॅकअप आणि सिंकची कामं वेगवेगळी असतात, पण घाईत माणूस जे पहिलं दिसेल ते दाबतो. सिनॉलॉजी या दुसऱ्या कंपनीच्या डब्यात 'ड्राइव्ह शेअरसिंक' आणि 'शेअर्ड फोल्डर सिंक' ही सिंकची, 'हायपर बॅकअप' हा बॅकअपचा. त्यातलं शेअर्ड फोल्डर सिंक एकतर्फी आहे, म्हणून लोक त्यालाच बॅकअप समजतात. आणि डब्यातल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात ते रेड, त्याचा या वादाशी संबंधच नाही. एक डिस्क मेली तर काम थांबू नये, एवढ्यासाठी ते असतं. फाईल उडवली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडते.

आता बॅकअप. तो ठरल्या वेळी चालतो, आमच्याकडं रात्री दीडला. पहिल्यांदा सगळं उचलतो, नंतर रोज फक्त बदललेलं. आणि जुनं फेकत नाही. रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या सहा अशा आवृत्त्या मी ठेवायला लावल्या आहेत. त्यामुळं आज उडालेली फाईल काल रात्रीच्या आवृत्तीत असते, आणि तीन आठवड्यांपूर्वी बिघडलेली, आज लक्षात आलेली फाईलही सापडते. तोटे आहेत. सकाळी दहाला केलेलं काम बाराला उडालं तर ते काल रात्रीच्या बॅकअपमध्ये कुठून असणार? शिवाय हायपर बॅकअपसारखे प्रोग्रॅम स्वतःच्या बांधणीत डाटा ठेवतात. फोल्डर उघडला आणि फोटो पाहिला असं होत नाही, प्रोग्रॅममधून परत काढून घ्यावं लागतं. जागाही जास्त लागते. कॅमेऱ्याच्या रॉ फाईल एकदा आल्या की बदलत नाहीत, त्यांचा भार नाही. रोज बदलणारी पानं मात्र खातात. चार टीबी डाटाला मी सहा ते आठ टीबी धरतो. मालकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो, पण ते असो.

सिंकमध्येही जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय असते, मग ती पुरत नाही का? कालच्या चुकीला पुरते. पण आवृत्त्यांना मर्यादा असते. सिनॉलॉजी ड्राइव्हमध्ये एका फाईलच्या जास्तीत जास्त ३२. डिझाइन करणारा माणूस दर पाच मिनिटांनी सेव्ह मारत असेल तर तीन तासांत चांगली आवृत्ती रांगेतून बाहेर. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्क त्या क्षणी कशी होती त्याची नोंद, हा मधला मार्ग. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या पद्धतीनं डिस्क बांधलेली असेल तर दर तासाला क्षणात घेता येतो आणि सुरुवातीला जागा जवळपास खात नाही. सकाळी दहा ते बाराच्या भानगडीवर तोच उपाय. पण तो त्याच डिस्कवर असतो. डबा गेला तर तोही गेला.

डबा जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तोच खेळ. व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्यांत पाणी शिरलं की टेबलाखाली ठेवलेला डबा पहिला बुडतो. म्हणून बॅकअपचा डबा राजारामपुरीत, चढावर. या एका बाबतीत सिंकसुद्धा बॅकअपइतकंच कामाला येतं: पुरानं कोणी फाईल 'डिलीट' करत नाही, डबा नुसता गप्प होतो, आणि पलीकडची प्रत जागेवर राहते.

सिंकची खरी परीक्षा रॅन्समवेअरमध्ये, म्हणजे फाईल अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमध्ये. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर फिरलं, आणि थेट नॅसवर नेम धरणारी तर २०१४ पासून आहेत. हा व्हायरस फाईल कुलूपबंद करतो, म्हणजे बदलतो. सिंकला वाटतं, वा, आज बरंच काम झालं, आणि कुलूपबंद फाईल इमानदारीनं पलीकडं पोचवतं. बॅकअप इथं तारतो, पण तोही नीट लावला तरच. बॅकअपचा डबा ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसत असेल तर व्हायरसलाही दिसतो. त्याचं युजरनेम-पासवर्ड वेगळं ठेवा, आणि जमेल तिथं बॅकअपच्या डब्यानंच पहिल्या डब्याकडून डाटा ओढून घ्यावा. मग पहिल्या डब्याला दुसऱ्याची किल्लीच माहीत नसते.

प्रत्यक्ष जोडणीतलं सगळ्यात उपयोगी सांगायचं तर पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवू नका. शंभर मेगाबिटची लाईन पूर्ण वेगानं, एकदाही न तुटता चालली तरी एक टीबीला बावीस तास लागतात. चार टीबीला पावणेचार दिवस, आणि तोपर्यंत काउंटरवरचं जीपे अडकतं ते वेगळं. दोन्ही डबे एकाच नेटवर्क स्विचला लावले तर गिगाबिटवर तेच काम रात्रीत, दहा-अकरा तासांत होतं. आम्ही तसंच केलं. सकाळी डबा बंद केला, जुन्या चादरीत गुंडाळला, आणि मालकांच्या पोरानं तो अॅक्टिव्हाच्या पुढं पायांत धरून राजारामपुरीत नेला. सिंक असो की बॅकअप, त्यानंतर फक्त रोजचा फरक जातो. राउटरमध्ये पोर्ट उघडून डबा थेट इंटरनेटवर मांडू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केलचा व्हीपीएन, म्हणजे दोन्ही ठिकाणांमधला खासगी बंद रस्ता, लावा. लोकल केबलवाल्याच्या इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतंत्र आयपी मिळत नाही, तिथंही टेलस्केल चालतं. यूपीएस घेतलात तर त्याची यूएसबी केबल नॅसला लावा. नाहीतर वीज गेल्याचं डब्याला कळतच नाही.

तर आता तिथं असं आहे: दोन्ही डब्यांत फक्त 'चालू काम' या फोल्डरचं सिंक, दर तासाला स्नॅपशॉट, रात्री सगळ्याचा बॅकअप राजारामपुरीच्या दुसऱ्याच एका डब्यात, आणि मालकांच्या घरच्या लोखंडी कपाटात दर रविवारी बदलली जाणारी एक यूएसबी डिस्क. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेर, हा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं लोकांच्या तोंडी बसवला. फोटोग्राफरचा आहे म्हटल्यावर मालकांना पटला.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी बॅकअपमधून काहीतरी एक परत काढायला लावतो. 'सक्सेस' असा हिरवा टिळा मला पुरत नाही, फाईल उघडून दाखव. या वेळी ऑपरेटरला म्हटलं, महिन्यापूर्वीच्या लग्नाचा 'वऱ्हाड' फोल्डर काढ. त्यानं काढला. दोन आले. नाव हुबेहूब तेच, आत फोटो वेगळे.

मालक म्हणाले, "एक मुलाकडचं, एक मुलीकडचं असंल की."

भानगड ऱ ची होती. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर ऱ हे एक अक्षर र आणि नुक्ता (खालचं टिंब) असं फोडून साठवलं जातं. तिथून आरसिंकनं आलेला फोल्डर आणि विंडोजवर टाइप केलेला फोल्डर आपल्या डोळ्यांना एक दिसतात, नॅसमधल्या लिनक्सला दोन. त्यामुळं सिंकनं इतके दिवस दोन्ही वऱ्हाडं इमानेइतबारे सांभाळली होती, आणि डिझाइन करणारी पोरगी त्यातलं एकच उघडत होती. दोन्हींतले फोटो एकत्र केले. आता फोल्डरच्या नावात तारीख आणि बिल नंबर, एवढंच लिहायचं ठरलंय. दुसऱ्या फोल्डरमधले साठेक फोटो अल्बममध्ये आलेच नव्हते. त्या पार्टीला फोन कोण करणार, यावर चर्चा चालू आहे.