खानदेशातील वैद्यकशिक्षण

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील वैद्यक अध्यापनाची परंपरा. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळाच्या संदर्भात त्यांची राजधानी बऱ्हाणपूर (आता मध्य प्रदेशात) हिचाही विचार करावा लागतो.

प्राचीन वैद्यकशिक्षण गुरुगृही होई. सुश्रुतसंहितेच्या ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात शस्त्रकर्माचा सराव सांगितला आहे : छेदनासाठी (कापणे) कोहळा, कलिंगड, भेदनासाठी (फोडणे) पाण्याने भरलेली कातडी पिशवी, वेधनासाठी (टोचणे) मृत जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. शरीररचना शिकण्यासाठी शव गवताने वेढून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवत व मग कुंच्याने थर हळूहळू घासून काढत.

खानदेशापुरता महत्त्वाचा पुरावा म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. गणिती व ज्योतिर्विद भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापिला व तेथील निकुंभ राजवंशातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेखात शके ११२८ (म्हणजे साधारण इ. स. १२०६) असा आकडा असला, तरी त्यातील प्रभव संवत्सर व चंद्रग्रहण यांचा मेळ इ. स. १२०७ शी अधिक बसतो. लेखाच्या मराठी भागात बाजारातील मालावरचे राजाचे उत्पन्न आणि दर घाण्यामागे पळीभर तेल मठाकडे लावून दिले आहे. मठात वैद्यक शिकवीत, असे काही जण मानतात. त्यांचा आधार भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथाच्या अखेरीस येणारा श्लोक. त्यात भास्कराचार्यांनी ‘षट् च भिषजां’ म्हणजे वैद्यांच्या सहा संहितांचे विवरण केल्याचे म्हटले आहे. मात्र हा श्लोक तृतीय पुरुषी असून तो शिष्याने मागाहून जोडला असावा. शिवाय शिलालेखात मठाचा हेतू स्पष्ट आहे : सिद्धांतशिरोमणी आदी भास्करीय ग्रंथ व त्याच्या वंशजांचे ग्रंथ शिकवणे. त्यामुळे पाटणला ज्योतिषाचे (ग्रहगणिताचे) केंद्र मानणेच सयुक्तिक. हा लेख प्रथम उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड मात्र व्यवसायाने डॉक्टर होते, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी एक.

फारुकी व मोगल काळात युनानी हकिमी उस्तादाच्या हाताखाली शिकत. युनानी महाविद्यालये पुढे बऱ्हाणपूर व अक्कलकुवा येथे निघाली. सातपुड्यातील भगत (आदिवासी उपचारक) व सुइणींची विद्या तोंडीच राहिली.

इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आला. पण पाश्चात्त्य वैद्यक शिकायला मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजला (१८४५) किंवा पुण्याच्या वैद्यकशाळेला (१८७८) जावे लागे. मुंबई इलाख्याच्या १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली आणि घरी शिकलेल्या वैद्याला प्रमाणपत्राचा रस्ता धरावा लागला.

खानदेशात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यास १९८८ च्या सुमारास निघाले (श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय). त्याचे रुग्णालय पुढे चक्करबर्डीच्या आवारात गेले. १९९८ पासून अशा महाविद्यालयांचे विद्यापीठ (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) नाशिकला. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये, नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले. दोन्ही जिल्हा रुग्णालयांच्या आधारे. नंदुरबारच्या विद्यार्थ्याला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण पुस्तकाबरोबर वॉर्डातही भेटतो. साडेचार वर्षे अभ्यासक्रम व एक वर्ष इंटर्नशिप हा साचा कायम असला, तरी २०१९ पासून क्षमताधिष्ठित, म्हणजे प्रत्यक्ष करता येण्यावर भर देणारा, अभ्यासक्रम लागू आहे. त्यात संवाद व नीतिशास्त्र शिकवतात आणि टाके घालण्याचा सराव आधी कौशल्य प्रयोगशाळेतल्या पुतळ्यांवर, मग रुग्णावर.