प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी नव्हे

ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे देवापुढे मागण्या मांडणे, हा समज आमच्या मिरजेत, जिथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले तिथेही, आजवर टिकून आहे. वास्तविक, तुमच्या गरजा मागण्यापूर्वीच पित्याला ठाऊक असतात, असे सांगूनच येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली (बायबल, मत्तय ६:८-१३). तीत आधी देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा येते. भाकरी त्यानंतर, तीही आजच्यापुरती आणि ‘आम्हांला’. पुढची ओळ मला सर्वांत अवघड वाटते, कारण आम्ही आमच्या ऋण्यांना सोडले तशी आमची ऋणे, म्हणजे आमचे अपराध, सोड, असे रोज म्हणणाऱ्याला बांधाच्या वादावरून अबोला धरलेल्या भावाच्या दारी एके दिवशी जावेच लागते.