‘कव्हर’ या शब्दामागचा हिशेब

जुनं गाणं नव्या गळ्यातून आलं की आपण त्याला ‘कव्हर’ म्हणतो. मूळ कलाकाराबद्दलचा आदर त्यात गृहीतच असतो. १९४०-५० च्या अमेरिकेत मात्र हा निव्वळ धंद्याचा शब्द होता. एखाद्या लहान कंपनीची तबकडी चालू लागली, की मोठी कंपनी तेच गाणं घाईघाईने आपल्या गायिकेकडून गाऊन घेई आणि मूळ तबकडी दूरच्या दुकानांत पोचण्याआधी आपली पोचवी. मूळ गायिका अनेकदा कृष्णवर्णीय असे आणि दुसरी गोरी.

कायद्याने यात गैर काहीच नव्हतं. १९०९ च्या कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीनुसार गाण्याची एक तबकडी निघाली, की प्रतीमागे २ सेंट भरून कोणीही दुसरी काढू शके. ते २ सेंट गीत-संगीताच्या मालकाचे. जिच्या गळ्याने गाणं लोकांपर्यंत नेलं, तिला दुसऱ्या तबकडीतून छदामही मिळत नसे.

त्यात बाजार आधीच विभागलेला. कृष्णवर्णीयांच्या तबकड्या १९२० च्या दशकापासून ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या विकल्या जात. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत व्यवसायाच्या साप्ताहिकाने या तबकड्यांच्या लोकप्रियतेच्या यादीचं नाव ‘रिदम अँड ब्लूज’ केलं, पण यादी वेगळीच राहिली.

याच सुमारास ‘अ लिटल बर्ड टोल्ड मी’चं प्रकरण न्यायालयात गेलं. एका कृष्णवर्णीय गायिकेने लॉस एंजलिसमधल्या छोट्या कंपनीसाठी ते गायलं होतं. मोठ्या कंपनीने गोऱ्या गायिकेकडून ते गाऊन घेतलं आणि १९४९ च्या सुरुवातीला तिची तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली. छोट्या कंपनीचं म्हणणं असं, की गाणं घ्यायला हरकत नाही, पण त्याचं संयोजन का उचललं? संयोजन म्हणजे वाद्यांची सुरुवात, ठेका, शब्द कुठे तोडायचा, गळ्याने कुठे जागा घ्यायची. गाणं कागदावर असतं. ऐकणाऱ्याला भुलवतात त्या या गोष्टी.

१९५० मध्ये न्यायालयाने हा दावा फेटाळला. अशा संयोजनावर मालकी सांगता येत नाही, हा एक मुद्दा. तो समजू शकतो, कारण प्रत्येक ठेक्याला कुंपण पडलं तर संगीतच थांबेल. पण न्यायाधीश तिथे थांबले नाहीत. दोन्ही तबकड्या ऐकून त्यांनी ठरवलं की मूळ तबकडी यांत्रिक आहे, तिच्यात स्फूर्ती नाही, आणि दुसरी भरदार, सफाईदार, स्पष्ट उच्चारांची आहे. वंशाचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. सफाई कशाला म्हणायचं, हे ज्या कानाने ठरवलं तो कान कोणत्या घरात, कोणत्या रेडिओवर तयार झाला, हे विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही. या साऱ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वात गंभीर वाटते.

त्यानंतर वाट मोकळीच झाली. १९५५ मध्ये आणखी एका कृष्णवर्णीय गायिकेच्या गाण्याची नक्कल दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली, तर तिची स्वतःची तबकडी सर्वसाधारण यादीत चौदाव्यावर अडकली. मूळ ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाने पुढे सांगितलं, की समोरच्या कंपनीचा त्यालाच फोन आला होता: तेच वादक, तोच संयोजक ठरलाय, तूही ये. आपलं १५ हजार डॉलरचं नुकसान झालं, असं सांगत त्या मूळ गायिकेने एका संसद सदस्याला कायदा बदलण्यासाठी पत्र लिहिलं. बदल झाला नाही. १९७२ पासून ध्वनिमुद्रणाला अमेरिकेच्या संघराज्य पातळीवरच्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मिळालं, पण आवाजाची हुबेहूब नक्कल त्यातूनही स्पष्टपणे वगळली गेली.

आपल्याकडे १९८० च्या दशकात दुसऱ्या गायकांच्या आवाजातल्या ‘व्हर्जन’ कॅसेटी याच प्रकारच्या तरतुदीच्या आधाराने घरोघर पोचल्या. २०१२ च्या दुरुस्तीने अशा आवृत्तीसाठी पाच वर्षं थांबणं बंधनकारक केलं.

गळ्याला थेट संरक्षण अमेरिकेत १९८८ मध्ये मिळालं, एका गोऱ्या गायिकेला, जाहिरातीत तिच्या आवाजाची नक्कल झाल्यावर. अट अशी, की आवाज सर्वदूर ओळखीचा हवा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका पार्श्वगायकाचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नकलेपासून वाचवला, तेव्हाही त्याची ख्याती आधी विचारात घेतली गेली. १९४९ मधल्या त्या गायिकेचा आवाज सर्वदूर पोचण्याआधीच दुसरीची तबकडी दुकानात होती.