अमेरिकेतले ‘इंग्लिश लर्नर’ आणि कॉलेजची वाट: पार्श्वभूमी

अमेरिकेत शाळेत नाव घालताना पालकांना एक छोटा फॉर्म भरावा लागतो: घरात कोणती भाषा बोलता? तिथे ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची परीक्षा घेतली जाते. त्यात ते कमी पडलं, तर त्याची नोंद ‘इंग्लिश लर्नर’ अशी होते. शिक्का नको म्हणून सरळ ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होणारे आपले पालकही आहेत. पण आईवडील इंग्रजीत शिकलेले असले की मुलं या यादीतून लवकर सुटतात. नववी-बारावीपर्यंत ती नोंद ज्यांना चिकटून राहते, त्यांची गोष्ट निराळी.

२०२१ मध्ये तिथल्या सरकारी शाळांत अशी सुमारे ५३ लाख मुलं होती, म्हणजे पटावरची १०.६ टक्के. बहुतेकांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते, आणि यातली बरीचशी मुलं जन्मानं अमेरिकनच आहेत. २०१९-२० मध्ये देशभरातली ८७ टक्के मुलं चार वर्षांत हायस्कूल पास झाली, यांच्यातली ७१ टक्के. कॉलेजची गळती त्याच्याही पुढची.

हा प्रश्न राजकारणात आला तो टेक्सासमधून. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन १९२८-२९ मध्ये कोटुला या गावी मेक्सिकन मुलांच्या शाळेत मास्तर होते. जानेवारी १९६८ मध्ये त्यांच्याच सहीनं द्वैभाषिक शिक्षण (घरची भाषा आणि इंग्रजी, दोन्हींतून शिकवणं) कायदा झाला. कायदा मांडला होता टेक्सासचेच सिनेटर राल्फ यारबरो यांनी. त्यातून मिळाला तो निधी. कोणत्याही शाळेवर सक्ती नव्हती.

त्याच वर्षी मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन वगैरे हायस्कुलांतून हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. लिंकनमधले शिक्षक साल कॅस्ट्रो त्यांच्या पाठीशी होते. शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून मार खाल्लेली ही मुलं. द्वैभाषिक शिक्षण हवं, ही मागणी होतीच. पण त्याबरोबर आणखी एक होती. आम्हाला सुतारकाम आणि शिवणकामाच्या वर्गांत ढकलू नका, कॉलेजला लागणारे विषय द्या. माझ्या मते सगळ्या इतिहासात मुद्द्याचं बोलली ती हीच मुलं. पुढची पन्नास वर्षं कायद्यानं त्यांची पहिली मागणी ऐकली, दुसरी जवळजवळ ऐकलीच नाही.

कायद्याचा खरा पाया सॅन फ्रान्सिस्कोत पडला. तिथल्या शाळांत इंग्रजी न येणारी चिनी वंशाची सुमारे १८०० मुलं कसल्याही जादा मदतीविना वर्गात बसत होती. पालकांनी दावा लावला, तो ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’. जानेवारी १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एकमुखी निकाल आला. सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही; ज्याला भाषाच कळत नाही त्याला शिक्षण मिळतच नाही, असा त्याचा आशय. आधार होता १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा. भाषेचा अडसर दूर करणं हे शाळांचं कर्तव्य आहे, असं त्याच वर्षी समान शैक्षणिक संधी कायद्यानंही बजावलं. मात्र काय करायचं, हे न्यायालयानं सांगितलं नाही.

ते १९८१ मध्ये ‘कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड’ खटल्यात अपील न्यायालयानं सांगितलं. शाळेची पद्धत तज्ज्ञांना पटणारी हवी, तिच्यासाठी माणसं आणि पैसा हवा, आणि काही काळानं परिणाम दिसायला हवा. या तीन कसोट्या सगळे उद्धृत करतात. निकालातला आणखी एक भाग मात्र सहसा मागे राहतो. आधी इंग्रजीवर भर दिला आणि बाकीचे विषय मागे पडले तरी चालेल, फक्त नंतर ती तूट भरून काढा, अशी मुभा त्यात आहे. सात वर्षांच्या मुलासाठी हे ठीक. सोळाव्या वर्षी ग्वाटेमालाहून आलेल्या मुलीकडे ‘नंतर’ उरलेलंच नसतं.

कॅलिफोर्नियात हे अगदी उघड दिसतं. तिथल्या दोन्ही सरकारी विद्यापीठ-व्यवस्थांत प्रवेशाला हायस्कूलचे पंधरा वर्षभराचे ठरावीक विषय किमान ‘सी’ श्रेणीत लागतात. त्यात इंग्रजी चार वर्षं, आणि नवशिक्यांसाठीच्या इंग्रजीचं त्यातलं फार तर एकच वर्ष धरतात. म्हणजे मूल रोज दोन-दोन तास इंग्रजी शिकतं, विज्ञानाचा तास त्यासाठी सोडतं, आणि विद्यापीठाच्या हिशेबात त्यातलं बरंचसं जमेलाच येत नाही. बारावी पास, पण अर्जच करता येत नाही. हे त्याला कळतं बहुधा अकरावीत, काउन्सेलरच्या खोलीत.

याचं टोक ॲरिझोनानं गाठलं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी उद्योजक रॉन उन्झ यांच्या पुढाकारानं द्वैभाषिक वर्ग जवळजवळ बंद केले. २००० मध्ये ॲरिझोना, २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स त्याच वाटेनं गेलं. ॲरिझोनात २००६ च्या कायद्यानंतर तर रोज चार तास निव्वळ इंग्रजी आलं. शाळेच्या दिवसातून चार तास गेल्यावर बीजगणित आणि रसायन बसवायचं कुठे? ती सक्ती २०१९ मध्ये सैलावली. कॅलिफोर्नियानं आपला कायदा २०१६ मध्ये मतदानानंच फिरवला, आणि या मुलांना मुख्य विषयांपासून दूर ठेवायचं नाही असा नियम २०१८ मध्ये केला. मागणीनंतर पन्नास वर्षांनी!

न्यूयॉर्कची वाट वेगळी. तिथे कॉलेजच मुलांकडे आलं. पोर्तोरिकन वस्तीच्या दबावातून साउथ ब्रॉन्क्समध्ये १९६८ मध्ये होस्टोस कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) स्थापन झालं, द्वैभाषिक. १९८५ मध्ये क्वीन्सच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारातच नव्यानं आलेल्या मुलांसाठी इंटरनॅशनल हायस्कूल सुरू झालं. इंग्रजी विषयांच्या आतूनच शिकवायचं आणि हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे तास करू द्यायचे, हा तिथला प्रयोग पुढे इतर शाळांनी उचलला. हे चालतं, हे ठाऊक असूनही ते अपवादच राहिलं.

बाकीच्यांसाठी कम्युनिटी कॉलेज हेच दार. तिथेही आत शिरताच परीक्षा, आणि मग श्रेयांक न देणारे पूर्वतयारीचे वर्ग. अनेकांचे पैसे आणि उमेद तिथेच संपायची. २०१७ च्या कायद्यानं कॅलिफोर्नियानं परीक्षेऐवजी हायस्कूलचे गुण बघायला लावलं.

२०१५ मध्ये संघराज्याच्या शिक्षण आणि न्याय खात्यांनी मिळून शाळांना सविस्तर मार्गदर्शक पत्र धाडलं होतं. प्रगत अभ्यासक्रमांतून या मुलांना वगळू नका, हे त्यात स्पष्ट होतं. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये ते पत्र मागे घेतलं गेलं. लाऊ निकाल आणि १९७४ चा कायदा अजून जागेवर आहेत.