७० टक्के आनुवंशिक म्हणजे ७० टक्के धोका नव्हे

‘अल्झायमर ७० टक्के आनुवंशिक, म्हणजे आईला झाला तर मुलाला ७० टक्के धोका’ हा समज साफ चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं नाहक धास्तावतात.

हे आकडे जुळ्यांच्या अभ्यासातून येतात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तीच. भिन्न जुळ्यांमध्ये साधारण भावंडांइतकंच साम्य. एकसारख्या जोड्यांमध्ये आजाराचं साम्य भिन्न जोड्यांपेक्षा जितकं अधिक, तितका जनुकांचा वाटा मोठा. पण हा वाटा लोकसमूहात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकांमधला, एका माणसाच्या नशिबातला नव्हे! स्वीडनमधल्या जुळ्यांच्या २००६ च्या अभ्यासात अल्झायमरसाठी तो ५८ ते ७९ टक्के निघाला; तरी एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्या होत्याच. शिवाय सगळ्यांचं राहणीमान सारखं झालं, तर जनुकं न बदलताही हा टक्का वाढतो, कारण उरलेल्या फरकांत जनुकांचाच हिस्सा मोठा ठरतो.